किती टन? त्याआधी किती वेळा!

"होइस्ट घ्यायचाय." "किती टनाचा?" "दोन." "लिफ्ट?" "सहा मीटर." "पाठवतो कोटेशन."

कारखान्यातली होइस्टची खरेदी बऱ्याचदा फोनवर एवढ्यातच उरकते. आपल्याकडेही फार वेगळं नाही. लायब्ररीत होइस्टवरचे जे प्रोजेक्ट रिपोर्ट पडून आहेत ते काढून बघा. हुक वक्र बीम धरून काढलेला स्ट्रेस, रोपचा व्यास, ड्रम, गिअर, मोटर... गणितं सगळी व्यवस्थित, फॅक्टर ऑफ सेफ्टी पण भरपूर. पण हा होइस्ट दिवसातून चारदा चालणार आहे की चारशे वेळा, हे एकाही पानावर सापडत नाही. आणि माझ्या मते होइस्ट निवडण्यातला निम्मा अभ्यास तिथेच आहे.

कॉम्प्युटर आणि ईएनटीसीच्या मित्रांनी पान उलटू नये म्हणून थोडं सोपं करून सांगतो. मोटर, गिअरबॉक्स, ब्रेक आणि ड्रम (किंवा चेनचं दातेरी चाक) एकत्र बसवून केलेलं वजन उचलायचं यंत्र म्हणजे इलेक्ट्रिक होइस्ट. तो आय-बीमच्या खालच्या पट्टीवर ट्रॉलीला टांगतात, नाहीतर क्रेनच्या गर्डरवर बसवतात. आता मिक्सर आठवा. घरच्या मिक्सरच्या बुडाशी प्लेटवर वॅटच्या शेजारी '३० मिनिटे' असं रेटिंग छापलेलं असतं. तोच मिक्सर मेसच्या मावशींना देऊन रोज दोनशे पोरांचं वाटण त्यावर काढायला लावलं तर काय होईल? वॅट तेवढेच, भांडं तेवढंच, मिरच्याही त्याच. पण आठवड्याभरात जळका वास येणार. होइस्टचं अगदी असंच आहे. टन म्हणजे भांड्याचा आकार झाला. मिक्सर घरचा की मेसचा हे सांगणारी गोष्ट वेगळी. तिला ड्यूटी क्लास म्हणतात.

तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत इनप्लांट ट्रेनिंगला होतो. (नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते त्यांना आवडणार नाही.) तिथे मोल्डिंग सेक्शनला सव्वा टनाचा एक होइस्ट होता. वाळू भरलेली मोल्डची पेटी उचलायची, बाजूला न्यायची, दुसऱ्या पेटीवर बसवायची, एवढंच त्याचं काम. पेटीचं वजन स्लिंगसकट सुमारे १२०० किलो. होइस्ट १२५० किलोचा. म्हणजे कागदावर सगळं नियमात! तरी त्याची मोटर दीड वर्षात तीनदा रिवाइंड झालेली. सगळ्यांचं म्हणणं एकच, की रिवाइंडिंगवाला तार हलकी वापरतो.

मला पहिले पंधरा दिवस काहीच काम दिलेलं नव्हतं. मग मी वही आणि घड्याळ घेऊन होइस्टखाली (म्हणजे बाजूला, लोडखाली कधीच उभं राहायचं नाही) मोजत बसलो. ऑपरेटर मामा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "काय मोजायलाय ओ इंजिनेर, पेट्या का आमचा चहा?"

मोजून हाती आलेले आकडे असे. तासाला १५ पेट्या. प्रत्येक पेटीसाठी हुक सरासरी दीड मीटर वर जातो आणि तेवढाच खाली येतो. पेटी ठेवल्यावर रिकामा हुक परत न्यायला पुन्हा वर-खाली. म्हणजे तासाला ३० फेऱ्या, त्यातल्या निम्म्या भरलेल्या आणि निम्म्या रिकाम्या. होइस्टचा वेग मिनिटाला ४ मीटर. शिफ्ट आठ तासांची.

रोज मोटर खरोखर किती वेळ फिरते ते काढायचं सूत्र अगदी साधं आहे: २ × उंची × तासाच्या फेऱ्या × शिफ्टचे तास, भागिले (६० × वेग). इथे २ × १.५ × ३० × ८ भागिले २४०, म्हणजे ३ तास. आठ तासांच्या शिफ्टमध्ये ३ तास म्हणजे साडेसदतीस टक्के वेळ मोटर चालू.

दुसरा प्रश्न असा, की या तीन तासांत तिच्यावर भार किती असतो? इथे साधी सरासरी चालत नाही, घनाची सरासरी घ्यावी लागते. कारण आपण सेमिस्टरला घोकलेलंच आहे: बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट केला की आयुष्य आठव्या हिश्शावर येतं. होइस्टच्या यंत्रणेच्या आयुष्याचा हिशोब युरोपच्या एफईएम नियमावलीत आणि आयएसओ ४३०१ मध्ये याच घनावर बेतलेला आहे. व्हायव्हाला 'बेअरिंग लाइफचा उपयोग काय' असं विचारलं तर हे उदाहरण द्या, एक्सटर्नल खूश होतील.

आता गंमत बघा. सव्वा टनाच्या होइस्टला १२०० किलो म्हणजे क्षमतेच्या ०.९६ भार. त्याचा घन ०.८८. निम्मा वेळ हुक रिकामा, म्हणून निम्मे करा: ०.४४. (हुकचं आणि स्लिंगचं वजन सोडून दिलंय, फार फरक पडत नाही.) घनमूळ घेतलं तर ०.७६, म्हणजे नियमावलीच्या भाषेत 'जड' वापर. हीच पेटी दोन टनाच्या होइस्टवर टांगली तर भार ०.६, घन ०.२१६, त्याचे निम्मे ०.१०८ आणि घनमूळ ०.४८. अर्ध्याच्या खाली आलं की तो 'हलका' वापर! पेटी तीच, मामा तेच, होइस्ट फक्त एक-दोन साइझ मोठा. पण झीज चौथ्या हिश्शावर.

यंत्रणेचे वर्ग एम१ पासून एम८ पर्यंत आहेत. बाजारात तयार मिळणारे होइस्ट बहुतेक एम३ ते एम६ या पट्ट्यातले. (पूर्वी आपल्याकडे क्रेनचे क्लास एक ते चार असे वर्ग लिहीत, जुन्या शॉपमध्ये अजून तीच भाषा ऐकू येते.) प्रत्येक वर्गाला पूर्ण भाराखालचे ठराविक तास ठरवून दिलेत: एम३ ला ४००, एम४ ला ८००, एम५ ला १६००, एम६ ला ३२००. दर पायरीला दुप्पट, पाठ करायला सोपं. रोजचे तीन तास आणि हलका वापर असेल तर तक्ता एम४ दाखवतो. रोजचे तीन तास आणि जड वापर असेल तर थेट एम६.

फौंड्रीतल्या त्या होइस्टच्या प्लेटवरची वाळू पुसून वाचली, तर एम३!

४०० भागिले ०.४४२ म्हणजे साधारण ९०० तास. रोज तीन तास, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे वर्षाला ९०० तास. थोडक्यात त्या होइस्टचं आयुष्य वर्षभराचंच होतं. वर्षाने तो मोडूनच पडतो असं नव्हे. तेवढ्या तासांनंतर त्याला पूर्ण उघडून गिअर, बेअरिंग, शाफ्ट तपासायचे, बदलायचे, असा त्याचा अर्थ. ते कुणी केलेलं नव्हतं, कारण तो हिशोबच कुणी मांडलेला नव्हता. बिचाऱ्या रिवाइंडिंगवाल्याच्या माथी मात्र तीन वेळा खापर फुटलं.

मोटर जळायचं कारण पण प्लेटवरच होतं. होइस्टची मोटर पंपासारखी सलग चालायला केलेली नसते; थोडं चालायचं, थोडं निवायचं. एम३ वर्गाला नेहमीचा हिशोब असा, की दर तासात २५ टक्के वेळ चालू आणि जास्तीत जास्त १५० स्टार्ट. एम४ ला ३० टक्के आणि १८०, एम५ ला ४० टक्के आणि २४०, एम६ ला ५० टक्के आणि ३००. आमचा होइस्ट साडेसदतीस टक्के चालत होता हे वर आलंच. स्टार्ट मोजले तर आणखी मजा. पेटीमागे चार स्टार्ट तर लागणारच. पण वरची पेटी खालच्या पेटीच्या पिनांवर बसवताना मामा पेंडंटचं बटण टक-टक-टक असं मारायचे. त्याला इंचिंग म्हणतात. प्रत्येक 'टक' हा मोटरच्या दृष्टीने पूर्ण स्टार्ट असतो, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. पेटीमागे बारा टक धरले तर १६ गुणिले १५, म्हणजे तासाला २४० स्टार्ट. वाइंडिंग तापणार नाही तर काय होणार? यात मामांचा दोष नाही. मिनिटाला ४ मीटरच्या एकाच वेगावर पिना जुळवायच्या असतील तर दुसरा मार्गच नाही. मोल्डिंग, असेंब्ली, डाय बसवणं अशा कामांना दोन वेगांचा होइस्ट मागावा: मोठा वेग जायला आणि त्याच्या चौथ्या-सहाव्या हिश्शाचा रांगता वेग बसवायला. ड्राइव्ह बसवलेला मिळाला तर उत्तमच.

आता जे लिहितो ते मी डोळ्यांनी पाहिलंय. ट्रेनिंगच्या पाचव्या आठवड्यात एक पेटी हवेत थांबवलेली असताना हळूच फूटभर खाली आली. दाणकन पडली नाही, नुसती सरकली. पण खाली पिना पुसायला वाकलेल्या हेल्परचा पाय कडेला होता. त्याच्या दोन बोटांचा चुरा झाला. तो माझ्याच वयाचा होता.

होइस्टचा ब्रेक उलट्या पद्धतीचा असतो. करंट आला की चुंबक तो उघडतो, करंट गेला की स्प्रिंग तो लावते. म्हणून वीज गेली तरी लोड पडत नाही. २००५ नंतरची काही वर्षं महाराष्ट्रात लोडशेडिंग रोजचं होतं, तेव्हा किती पेट्या अशा हवेत लटकून स्प्रिंगच्या भरवशावर राहिल्या असतील! पण प्रत्येक टकला ब्रेक एकदा लागतो, आणि दर वेळी लायनिंग थोडं झिजतं. झिजलं की चुंबक आणि चकतीमधली फट वाढते. फट फार वाढली की चुंबकाला चकती पूर्ण ओढता येत नाही, आणि मोटर लागलेला ब्रेक घासतच फिरते. लायनिंग तापून काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मग थांबवायच्या वेळी घसरतं. फीलर गेज घालून ती फट तपासणं दहा मिनिटांचं काम आहे. तासाला २४० वेळा लागणाऱ्या ब्रेकची फट १५० च्या हिशोबाने ठरवलेल्या तारखांना तपासून भागत नाही, आणि तिथे तर तारखाच ठरलेल्या नव्हत्या. त्या दिवशी चौकशीत 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं. माझी वही कुणी मागितली नाही, पण मी ती मेंटेनन्सच्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

असो. चेन की वायर रोप, हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो म्हणून मी मुद्दाम नंतर घेतला. चेन होइस्ट आटोपशीर, वजनाला हलका, स्वस्त. त्याचा हुक सरळ रेषेत वर-खाली होतो आणि उंची वाढवायची तर चेन आणि चेनची पिशवी तेवढी मोठी करायची. एक-दोन टनापर्यंत, कमी उंचीला, मशीन शॉपमध्ये जॉब चढवायला मी डोळे झाकून चेन घेईन. पाच टनांच्या पुढे, किंवा वेग आणि उंची जास्त हवी असेल तर वायर रोप. साध्या रोप होइस्टमध्ये रोप ड्रमवर गुंडाळताना हुक थोडा बाजूला सरकत जातो, हे नेमक्या जागी बसवायच्या कामात लक्षात ठेवावं लागतं. फौंड्रीत मात्र माझं मत रोपकडे झुकतं. चेनला तेल लागतंच, आणि तेलात वाळू मिसळली की ती ग्राइंडिंग पेस्ट होते. कड्या आतून झिजतात आणि गेज लावल्याशिवाय ते दिसत नाही. रोपचे तुटलेले धागे निदान फडक्याला अडकतात.

मोल्डिंगचा होइस्ट भट्टीवर नेऊन वितळलेल्या लोखंडाचं लेडल उचलायचं, हा प्रकार मात्र कुणीही करू नये. त्या कामाला उष्णतेपासून आडोसा, दुसरा ब्रेक आणि वरचा क्लास असलेला वेगळा होइस्ट लागतो.

उंचीचं गणित पण फसवं असतं. बीमच्या खालच्या कडेपासून जमीन साडेचार मीटर, म्हणून साडेचार मीटर उचलता येतं असं नाही. होइस्टची स्वतःची उंची ०.९ मीटर गेली, स्लिंग १ मीटर, जॉब ०.८ मीटर आणि ज्या मशीनवरून तो न्यायचा ते १.२ मीटर. बेरीज ३.९. हातात उरले ०.६. जागा पुरत नाही असं दिसलं की शॉपमध्ये काय करतात? स्लिंग आखूड करतात. दोन पायांची स्लिंग उभ्या रेषेशी ६० अंशांत पसरली की प्रत्येक पायात अख्ख्या वजनाएवढा ताण येतो (स्टॅटिक्सचा पहिला महिना आठवा, टी बरोबर डब्ल्यू भागिले दोन कॉस थीटा). होइस्टची क्षमता शाबूत आणि तुटते ती स्लिंग. म्हणून शेड बुटकी असेल तर आधीच लो-हेडरूम होइस्ट मागावा. तो महाग पडतो, पण शेड उंच करण्यापेक्षा स्वस्तच.

मोटरची पॉवर काढायला वेळ लागत नाही. २००० किलो, ९.८१ आणि मिनिटाला ४ मीटर म्हणजे सुमारे १.३ किलोवॅट; गिअरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर दीड किलोवॅट. वेग दुप्पट मागितला की पॉवरही दुप्पट. व्होल्टेज मात्र विसरू नका. टॉर्क व्होल्टेजच्या वर्गावर अवलंबून असतो. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट आले तर टॉर्क जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो, आणि ब्रेकचा चुंबकही तेवढाच मरगळतो. लांबलचक बारीक केबल टाकून पैसे वाचवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. इलेक्ट्रिकलच्या मित्रांसाठी आणखी दोन गोष्टी. पेंडंटमध्ये थेट ४१५ व्होल्ट आणलेले स्वस्त होइस्ट असतात; ते घेऊ नयेत, ट्रान्सफॉर्मर लावून ११० किंवा त्याखालचा कंट्रोल सप्लाय मागावा. घामाने ओले हात त्या बटणावर दिवसभर असतात. आणि फेज उलटी जोडली गेली की 'वर' दाबल्यावर हुक खाली जातो हे सगळ्यांना माहीत असतं. पण तेव्हा वरचा साधा लिमिट स्विचही भलत्याच दिशेचा करंट तोडतो हे लक्षात येत नाही. 'खाली' दाबून वर चाललेला हुक मग ड्रमला जाऊन धडकेपर्यंत थांबत नाही. फेज तपासणारा एक छोटा रिले हे टाळतो.

अजून एक समज. होइस्ट कारखान्यातून निघताना २५ टक्के जास्त वजन उचलून त्याची चाचणी घेतात, म्हणून 'पंचवीस टक्के जास्त चालतं' असं अनेक जण छातीठोकपणे सांगतात. ती चाचणी कधीतरी एकदा, देखरेखीखाली होते. रोजच्या कामासाठी प्लेटवरचा आकडा हीच हद्द. सुरक्षित भार ठळक लिहिलेला असावा, त्यापेक्षा जास्त उचलू नये आणि जाणकार माणसाने वर्षातून किमान एकदा पूर्ण तपासणी करावी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २९ व्या कलमातच आलं होतं. तिरकं ओढणं हाही ओव्हरलोडच समजा. होइस्ट उचलायला आहे, जॉब फरफटत आणायला नाही. तसं ओढलं की रोप ड्रमच्या खाचेतून उतरतो आणि रोप गाइड फुटतो.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही सगळीकडे एम६ मागायला लागाल. पंपहाऊसमध्ये वर्षातून चारदा मोटर उचलायची असेल तर एम३ चा होइस्ट आपल्याला रिटायर करून वर उरेल. तिथे खरं तर हाताचा चेन पुली ब्लॉकसुद्धा पुरतो.

फौंड्रीच्या साहेबांनी वही वाचली असावी, कारण ट्रेनिंग संपायच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून नवीन होइस्टची चौकशी लिहायला सांगितली. तक्ता एम४ म्हणत होता, पण स्टार्टचा आकडा २४० असल्याने एम५ धरला. दोन टन, एम५ म्हणजे १६०० भागिले ०.१०८, साधारण १४,८०० तास. त्यांच्या वापराला सोळा वर्षं. चौकशीत टन आणि लिफ्ट याखेरीज एवढं लिहिलं: पेटीचं खरं वजन, तासाच्या फेऱ्या, हुकचा सरासरी प्रवास, शिफ्ट, तासाचे स्टार्ट, बीमखालची उंची, होइस्टपाशी मोजलेलं कमीत कमी व्होल्टेज, वाळूची धूळ, दोन वेग, ११० व्होल्ट पेंडंट, फेज रिले आणि ब्रेकची फट किती दिवसांनी तपासायची याचं लेखी उत्तर. तिघांना पाठवली. एकाने दुसऱ्याच दिवशी किंमत पाठवली. दुसऱ्याने फोन करून बीमचा साइझ विचारला. तिसऱ्याचा माणूस स्वतः घड्याळ घेऊन आला आणि मामांच्या शेजारी तासभर उभा राहिला. ऑर्डर त्याला मिळाली.